पाण्याला बसायला जागा

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या मंगाईची जत्रा होऊन आठवडा झाला असेल, पहाटे सहाच्या आधीच तात्यांचा फोन. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, वय पंच्याहत्तरच्या पुढं, अजून रोज शिवारात जातात. "उठलास काय? नाला बांधावरनं आत आलाय बघ. ये लवकर." एवढंच बोलून फोन ठेवला. मी गाडी काढली, रेनकोट घालायला पण थांबलो नाही, आणि शिवारात पोचलो तर आमचं सव्वादोन एकर कुठं सुरू होतंय आणि बळ्ळारी नाला कुठं संपतोय तेच कळेना. सगळं एकसारखं पाणी, मधेमधे बांधावरची दोनचार झाडं उभी. चारच दिवस आधी रोप लावलेलं होतं, बासमतीचं, लावण करून बायकांची कंबर अजून दुखत होती.

शेतात पाणी येणं आम्हाला नवीन नाही, भात म्हटलं की पाणी पाहिजेच. पण ते पाणी कसलं होतं ते सांगतो. मी वाकून एक रोप उपटून बघितलं तर पानावर काळपट तेलकट पातळ थर, बोटाला चिकटला. रोपाच्या बुडाशी थर्माकोलचे पांढरे दाणे अडकलेले, शॅम्पूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मुलाची चप्पल. वास डिझेलचा आणि गटाराचा. आणि ते पाणी हटेना. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. भात पाण्यातलं पीक असलं तरी शेंडा बुडाला की त्याला श्वास घेता येत नाही, आठ-दहा दिवसांत रोप कुजायला लागतंय. आमचं अर्ध्याहून जास्त गेलं. दुबार लावण करायला तरवा, म्हणजे रोपं, कुठनं आणायचा, शेजारीपाजारी सगळ्यांची तीच गत. शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, हलगा, येळ्ळूर, सगळ्या शिवाराची दरवर्षीची हीच कहाणी आहे, पेपरात फोटो येतात, पंचनामा होतो, पुढच्या वर्षी परत.

तात्या बांधावर उभे राहून म्हणाले, "पूर्वी पण पाणी यायचं रे. पण येऊन बसायचं, गाळ टाकायचं आणि जायचं. आता पळत येतंय आणि आमच्याकडं येऊन अडकतंय. त्याला वाटेत बसायला जागाच ठेवली नाही कुणी."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. पावसाच्या पाण्याला वाटेत थांबायला पाणथळ, म्हणजे झाडांची उथळ दलदल, मुद्दाम कशी करतात, वर्षभर मी याच विषयाच्या मागं लागलोय, वाचलं, जाऊन बघितलं, आमच्या गोठ्यामागं एक बारकंसं करून पण बघितलं, ते सगळं हितं लिहितोय. थोडं लांबेल.

आधी पाणी कशामुळं पळतंय ते. बेळगाव अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेलं, वर्षाला १२००-१३०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. गावाच्या पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी पिऊन घेतो. म्हणून तर आपल्या बेळगावात घरटी विहीर असायची. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा एवढ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून टिळकवाडीत विहीर खणली, ती काँग्रेस विहीर आजही आहे. म्हणजे जमिनीच्या पोटात पाणी होतं, कारण वरनं आत जायला वाट होती. आता त्याच जांभ्यावर स्लॅब, पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचा रस्ता, काँक्रीटचं गटार.

एक साधा हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर जागेवर दिवसात १०० मिलिमीटर पडला, जो आपल्याकडं जुलैत पडतोच, तर ४ लाख लिटर. एका एकराचं. ती एकर जर माळ असेल, गवत असेल, तर त्यातलं बरंच मुरतंय, उरलेलं सावकाश निघतंय. ती एकर प्लॉट पाडून बांधकामाची झाली की जवळजवळ सगळं तासाभरात गटारात, तिथनं लेंडी नाल्यात, तिथनं बळ्ळारी नाल्यात. अशा किती एकर झाल्या अनगोळपासून वडगावपर्यंत गेल्या तीस वर्षांत, मोजा तुम्हीच. आणि पुढं नाल्याला वाट काय तर गाळ, जलपर्णी, आणि रस्त्यांच्या भरावाखालच्या अरुंद मोऱ्या. अलारवाड ब्रिजच्या अलीकडं पाणी कसं तुंबतंय ते हायवेवरनं जाताना पावसाळ्यात दिसतंच.

यावर उपाय काय सांगतात? नाला रुंद करा, सरळ करा, दोन्ही बाजूनं भिंत बांधा. मी एका ऑफिसात शेतकऱ्यांबरोबर गेलो होतो तेव्हा पण तेच उत्तर मिळालं. गाळ काढायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, आम्हीच तर मागणी करतोय इतकी वर्षं. पण नुसती भिंत बांधून पाणी अजून जोरात पळवलं तर ते आमच्या शेतातून सुटून हलग्याच्या नाहीतर बसवण कुडचीच्या शेतकऱ्याच्या शेतात जाऊन बसणार. तो पण आमच्यासारखाच, मराठी असो कन्नड असो, त्याचं पण भातच.

मागच्या नोव्हेंबरात बहिणीकडं बेंगळुरूला गेलो होतो. भाऊजींनी सकाळी फिरायला म्हणून जक्कूर तलावावर नेलं. एकशे साठ एकराच्या आसपासचा मोठा तलाव. मला वाटलं नेहमीसारखं बागबगीचा, वॉकिंग ट्रॅक असेल. ते होतंच, पण वरच्या अंगाला एक भाग बघून मी थांबलो. पुरुषभर उंच पाणकणीस दाटून वाढलेलं, तपकिरी कणसं वर आलेली, आणि त्यातून पाणी इतकं हळू सरकत होतं की बघत उभं राहिल्यावरच कळतंय सरकतंय म्हणून. भाऊजी म्हणाले, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी थेट तलावात सोडत नाहीत, आधी ह्या पाणथळीतनं फिरवतात आणि मग तलावात. वरच्या टोकाला जरा फेस होता, वास होता. खालच्या टोकाला आलो तर वास नाही, आणि पाण्यावर टिबुकल्या बुडी मारत होत्या. जांभळी पाणकोंबडी लांब लांब लाल पायांनी पाणकणसाच्या मोडलेल्या काड्यांवरनं चालत होती, एक काडी पायात धरून सोलून खात होती, अगदी आपण ऊस सोलतो तसं. मी अर्धा तास बघत बसलो, भाऊजी कंटाळून पुढं गेले.

ह्यालाच बांधलेली पाणथळ म्हणतात. म्हणजे निसर्गातल्या दलदलीत जे आपोआप होतंय ते माणसानं उतार, खोली, झाडं ठरवून मुद्दाम घडवायचं. जर्मनीत १९५० च्या दशकात कॅथे झायडेल नावाच्या बाईंनी लव्हाळी-बोरूसारख्या पाणवनस्पती घाण पाणी कसं सुधारतात यावर प्रयोग सुरू केले, तिथनं हे शास्त्र वाढलं. जक्कूरचं आहे ते सांडपाण्यासाठी. पावसाच्या पाण्यासाठीची पाणथळ थोडी वेगळी असते, कारण सांडपाणी रोज एकसारखं येतंय आणि पाऊस एकदम धबाधबा येतो नाहीतर येतच नाही. आपल्या कामाची ही दुसरी.

ती चालते कशी ते मला समजलं तसं सांगतो. पाणी पहिल्यांदा एका खोल डबक्यात येतं. तिथं वेग मोडतो, माती, वाळू, प्लास्टिक तिथंच खाली बसतं किंवा जाळीला अडतं. हा गाळखड्डा सगळ्यात महत्त्वाचा, आणि जेसीबी आत जाईल अशी वाट ठेवलेला पाहिजे कारण तो परत परत काढावा लागतो. तिथनं पाणी पसरट भागात जातं, कुठं वीतभर खोल, कुठं हातभर, कुठं दोन हात, आणि सगळीकडं झाडं. लोकांना वाटतं झाडं घाण पिऊन टाकतात. थोडी पितात, पण खरं काम पाण्याखालच्या देठांवर आणि मुळांवर जो बुळबुळीत थर धरतो त्यातले जिवाणू करतात. मुळाजवळ हवा असते तिथं एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि खाली चिखलात हवा नसते तिथं दुसरे त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात. फॉस्फरस गाळाला चिकटून बसतो. टायर आणि ब्रेक झिजून रस्त्यावर पडणारं जस्त, तांबं हे पण गाळाबरोबर खाली जातं. आणि शेवटाला पाणी बाहेर सोडायची तोटी मुद्दाम बारीक ठेवतात, म्हणजे एका पावसाचं पाणी दोन-तीन दिवस लावून बाहेर पडतं. मोठा पूर आला तर तो आत न घेता बाजूनं काढून द्यायला वेगळी वाट, नाहीतर सगळी झाडं गाळासकट उपटून जातील.

दोन-तीन दिवस. ह्या दोन-तीन दिवसांसाठीच मी हे सगळं लिहितोय. आमच्या रोपाला नेमके तेच पाहिजेत. वरचं पाणी जर असं दहा ठिकाणी दोन-दोन दिवस थांबून आलं तर नाल्याला ते पेलवतं, एकदम आलं तर पेलवत नाही. पाणी तेवढंच.

आणि हे परदेशी फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच कर्नाटकात, गदग जिल्ह्यात, मागडी केरे, म्हणजे मागडीचा तलाव, आहे. तो निसर्गाचा तलाव नव्हे, माणसानं पावसाचं पाणी धरायला बांधलेला. हिवाळ्यात तिथं पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून मध्य आशियाकडनं. दिवसा पाण्यात विसावतात, चरायला आसपासच्या शेतात उतरतात. २०२४ साली त्या तलावाला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत नाव. खेडेगावच्या तळ्याला! आमच्या येळ्ळूरच्या गडाचं नाव राजहंसगड, त्यामुळं हे वाचून मला उगीच जवळचं वाटलं. लंडनमध्ये थेम्सच्या काठी बार्न्स भागात पिण्याच्या पाण्याचे चार जुने काँक्रीटचे तलाव वापरातनं गेले होते, ते तोडून, आकार बदलून, झाडं लावून ४२ हेक्टरची पाणथळ केली आणि २००० साली लोकांना खुली केली. भर शहरात. दोनच वर्षांत सरकारनं ती संरक्षित जागा म्हणून जाहीर केली, इतके पक्षी आले.

सगळ्यात मनाला लागली ती चीनच्या कोंगजियान यू यांची गोष्ट. शेतकऱ्याचा मुलगा. दहा-एक वर्षांचा असताना गावच्या ओढ्याला पूर आला आणि हा पाण्यात पडला. काठावर विलोची झाडं आणि लव्हाळी होती, त्यांनी पाण्याचा जोर मोडला होता, त्याला धरून तो वर आला. काठाला काँक्रीटची गुळगुळीत भिंत असती तर मी बुडालोच असतो, असं ते पुढं आयुष्यभर सांगायचे. शिकून मोठे लँडस्केप आर्किटेक्ट झाले, शहर स्पंजासारखं पाहिजे, पाणी शोषणारं आणि सावकाश सोडणारं, हा विचार त्यांनी मांडला आणि २०१५ मध्ये चीन सरकारनं तो १६ शहरांत सुरू केला. हार्बिन शहरात मरायला टेकलेली ३४ हेक्टरची दलदल त्यांनी पावसाच्या पाण्यावर परत जिवंत केली. २०२५ च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये पांतानालला, जगातल्या सगळ्यात मोठ्या पाणथळींपैकी एकीत, विमान पडून ते गेले. ही बातमी वाचली तेव्हा मला दिवसभर काही सुचलं नाही. ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही त्याच्यासाठी इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

आता माझं स्वतःचं. शिवाराच्या वरच्या कोपऱ्याला आमचा गोठा आहे, दोन म्हशी, पत्र्याचं छप्पर आणि पुढं फरशीचं अंगण, सगळं मिळून पंधराशे स्क्वेअर फूट. पावसात त्यावरचं शेण-मूत धुऊन पाणी थेट विहिरीच्या कडेनं नाल्याला जायचं. म्हटलं शहराच्या पाण्याबद्दल बोलायचं तर आधी आपलं बघूया.

बारा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा काढला, शेततळ्याला घालतात तो जाड कागद घातला, तळाला ४० एमएम खडी, वर २० एमएम, आणि त्यात कर्दळ, वेखंड, वाळा आणि ओढ्यातनं आणलेलं पाणकणीस. पाणी एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला पाईपानं बाहेर, तिथं खाली एक दहा फुटाचं उघडं डबकं. एप्रिलात काम केलं, मेच्या वळवात पहिलं पाणी आलं. बाहेर निघालं ते खरंच स्वच्छ दिसत होतं, मी बाटलीत भरून आईला नेऊन दाखवलं. आणि जूनच्या शेवटाला सगळं चोक झालं. पाणी खडीतनं जायचं सोडून वरनंच वाहायला लागलं, अंगणात तळं, म्हशी त्यातच उभ्या. खडी उकरून बघितलं तर पहिले दीड-दोन फूट शेण आणि माती गच्च बसलेली, सिमेंटसारखी. कारण मी गाळखड्डा केलाच नव्हता. जागा कमी म्हणून टाळला होता. मग भर पावसात, दोन माणसं लावून, तेवढी खडी काढून धुऊन परत भरली, पुढं तीन फुटाचा चौकोनी खड्डा काढला, त्याला जुन्या बॅरलची जाळी लावली. तो दर पंधरा दिवसांनी खोऱ्यानं काढतो, निघतंय ते शेणखतच, वाफ्यात टाकतो. तिथनं पुढं आजपर्यंत चोक झालेलं नाही.

हिशेब पण नंतर केला, आधी करायला पाहिजे होता. पंधराशे फुटांवर पहिले दहा मिलिमीटर पडले तर साधारण १४०० लिटर. माझ्या खड्ड्यात खडीमधल्या पोकळीत मावतंय १६०० लिटरच्या आसपास. म्हणजे पहिला पाऊस, जो सगळी घाण धुऊन आणतो, तो बरोबर आत मावतो. पुढचं पाणी त्या मानानं स्वच्छच असतं, ते बाजूच्या पन्हाळीनं थेट डबक्यात जातं. मोठ्या पाणथळीत पण हेच गणित, फक्त आकडे मोठे. पाणथळ सगळ्या पावसाला पुरत नाही आणि पुरायची गरज पण नसते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ऑगस्टातल्या एका सकाळी वेखंडाच्या पात्याला काहीतरी चिकटलेलं दिसलं, तपकिरी, किड्यासारखं, पण हलेना. हातात घेतलं तर आत पोकळ, पाठीवर चिरलेलं, सहाच्या सहा पाय पात्याला घट्ट धरलेले. चतुराची कात. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, डासांच्या अळ्या खातं, आणि दिवस भरले की देठावर चढून ही कात फोडून उडून जातं. मी मोजल्या, अकरा होत्या. एका पात्यावर तो नुकताच बाहेर आलेला, पंख अजून चुरगळलेले, काचेसारखे, उन्हाची वाट बघत बसलेला. त्याला वाळायला तासभर लागला. मी चहा तसाच ठेवून तिथं बसलो होतो.

डासांचं म्हणून मुद्दाम सांगितलं, कारण शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "डास करूलास काय रे हितं?" प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडं डेंगू, चिकुनगुन्या दरवर्षी असतंय. तर डेंगूचा डास टायर, कुंडी, बॅरल अशा साठवलेल्या थोड्या पाण्यात होतो. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स तुंबलेल्या घाण गटारात. खडीखालच्या पाण्यात डासाला अंडी घालायला जागाच नाही, आणि उघड्या डबक्यात चतुर, बेडूक, ओढ्यातले बारके मासे असले की अळी टिकत नाही. मात्र पाणी हलतं पाहिजे आणि कडेला माशाला पोचता येणार नाही अशी तुटक डबकी राहायला नकोत. एकानं गंबुशिया मासे आणून सोड म्हणून सांगितलं, मी नको म्हटलं, तो मासा मूळचा अमेरिकेकडचा, बेडकाची पिल्लं आणि इथल्या माशांची अंडी पण खाऊन टाकतो. काकू आता स्वतः कर्दळीचे कंद घेऊन गेल्यात.

जलपर्णीबद्दल पण लोकांचा घोळ होतो. नाल्यात ती हिरवीगार पसरली की म्हणतात हीच तर तुमची पाणथळ. नाही. जलपर्णी बाहेरनं आलेली, ती पाण्यावर पांघरुणासारखी पसरते, खाली उजेड जात नाही, हवा जात नाही, मासे मरतात, आणि कुजली की घेतलेलं सगळं परत पाण्यातच. ती काढलीच पाहिजे. पाणकणीस पण मोकळं सोडलं तर सगळीकडं होतं, दरवर्षी उन्हाळ्यात कापावं लागतं. आणि घाण पाण्यावरचं अळू कुणी भाजीला नेऊ नका, पाण्यातले जड धातू त्यात उतरतात.

आता शहरात हे कुठं करायचं? इथं मला एक गोष्ट ठासून म्हणायची आहे. शेतकऱ्याची जमीन घेऊन नको. आमच्या पट्ट्यातल्या लोकांनी आधीच खूप दिलंय, हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून माणसं किती वर्षं कोर्टकचेऱ्या करतायत, उभ्या पिकात मशिनरी शिरलेली बघितलीय आम्ही. पाणथळ करतो म्हणून कुणी परत बासमतीच्या शिवारावर खुणा मारायला आलं तर सगळ्यात आधी मीच आडवा होईन. आणि गरज पण नाही तशी. पाणी वर, शहरात थांबवायचंय, खाली आमच्यात नाही. पावसाच्या पाण्याच्या पाणथळीला साधारण वरच्या क्षेत्राच्या शंभरात दोन-तीन हिस्से जागा लागते असं म्हणतात, ती एकाच ठिकाणी असायला हवी असं नाही. नवीन लेआउटमध्ये गार्डनसाठी सोडलेली जागा असतेच, ती रस्त्यापेक्षा वर भराव घालून करतात, ती दोन फूट खाली घ्यायची. फ्लायओव्हरच्या आणि हायवेच्या जोडरस्त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा. उद्यमबागेकडचे पडीक कोपरे, मात्र तिथं कारखान्याचं पाणी मिसळत नाही याची आधी खात्री करून. अनगोळचा, कणबर्गीचा तलाव, किल्ला तलाव, ह्यांच्या जिथं पाणी आत येतंय त्या तोंडाला गाळखड्डा आणि पाणकणसाचा पट्टा. आपण तलावाला चारी बाजूनं दगडी भिंत बांधतो, कट्टा करतो, लाईट लावतो, आणि बगळ्याला पाय टेकवायला उथळ काठ ठेवत नाही. पाणपक्ष्याला भिंत नको असते, चिखलाचा उतार पाहिजे असतो.

आणि गटाराचं पाणी वेगळं केल्याशिवाय हे सगळं व्यर्थ. पावसाळी गटारात संडास-बाथरूमचं पाणी सोडलेलं असेल तर त्या पाणथळीचं चार महिन्यांत उकिरड्याचं तळं होणार, मग लोक म्हणणार बघा, फसलं. बारा महिने देखभालीला माणूस पण पाहिजे. उद्घाटनाला हजार माणसं येतात, गाळ काढायला कुणी येत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारखा पाऊस आला तर पाणथळ काय करणार, हा प्रश्न मला मीटिंगमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारला, कन्नडमध्ये, आणि मी माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये खरं तेच सांगितलं. तेवढा पाऊस ती अडवू शकत नाही. चीनच्या झेंगझौ शहरात स्पंज शहराची कामं झाली होती तरी जुलै २०२१ मध्ये एका तासात २०१ मिलिमीटर पडला आणि शेकडो माणसं गेली. कुठलाच उपाय तेवढ्याला पुरत नाही. पण आमचं रोप दरवर्षी काय २०१९ च्या पावसानं मरत नाही, ते मरतंय जुलैतल्या साध्या चार दिवसांच्या झडीनं. त्या झडीला पुरेल एवढी जागा करता येते. त्यानं मान हलवली आणि विचारलं, बगळे परत येतील काय? त्याच्या लहानपणी लावणीच्या वेळी नाल्याकडेला बगळे, टिटव्या, पाणकावळे इतके असायचे की माणसानं टाळी वाजवली तर शिवार पांढरं होऊन उठायचं. मी म्हटलं येतील की.

माझ्याकडं तर आलेत. मोठे नाहीत, पण डबक्याच्या काठाला एक ढोकरी कायमची राहायला आल्यासारखी असते, मातीच्या रंगाची, उडाली तरच पांढरी दिसते. सप्टेंबरात पांढऱ्या छातीची पाणकोंबडी कर्दळीतनं बाहेर आली आणि मागनं चार पिल्लं, काळी कुळकुळीत, कापसाच्या बोळ्याएवढी. शेवटचं पिल्लू पाईपाच्या एल्बोवर चढताना दोनदा घसरलं, आई पुढं जाऊन थांबली, तिसऱ्यांदा चढलं आणि पळत गेलं. बेडकांचा आवाज रात्री इतका असतो की आईला फोनवर बोलताना ऐकू येत नाही.

परवा तात्या आले होते. गाळखड्ड्यापासून शेवटच्या डबक्यापर्यंत काठी टेकत दोनदा फिरले, काही बोलले नाहीत. मग खाली बसून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात घातला, हुंगला. म्हणाले, "वेखंडाचे कंद उरलेत काय तुझ्याकडं? माझ्या बांधाला, नाल्याच्या अंगाला, दोन रांगा लावीन म्हणतो. मेमध्ये गाळ काढतील तेव्हा ते जेसीबीवाले उपटू नयेत एवढं तू येऊन बघ." मी पोतंभर कंद काढून ठेवलेत. रविवारी जाणार आहे लावायला, वडगाव-शहापूरकडच्या कुणाला पाहिजे असतील तर सांगा, अजून आहेत.